घाईचं प्रकरण

थिबो पाद्री उत्तरेकडून आमच्या तोलेदो शहरात आला तो एकच काम घेऊन. मुहूर्त काढायचं अरबी पुस्तक लॅटिनमध्ये उतरवायचं आणि नेऊन आपल्या गुरुजींना वाचून दाखवायचं. गुरुजी थकलेले, डोळे गेलेले. ते आहेत तोवर पोचलं पाहिजे, हे तो आल्या दिवसापासून सांगे. मुक्काम आमच्याकडेच. माझा नवरा खलफ अरबी वाचून आमच्या बोलीत सांगायचा, थिबो लॅटिनमध्ये लिहायचा आणि दोघं मिळून माझी वांगी फस्त करायचे.

शेवटी एक छोटं प्रकरण उरलं: थांबणं शक्यच नसेल तर काय करावं.

"ते राहू द्या, खलफभाऊ," थिबो म्हणाला. "मला घाई आहे."

द्राक्षं उतरली तेव्हा पुस्तक झालं. मी वाटेसाठी पाव आणि सुकी अंजिरं बांधली, खेचर दारात आणून उभं केलं. थिबोनं एक बूट चढवला आणि ग्रहांचं कोष्टक उघडलं. चंद्र म्हणे जळक्या वाटेवर, म्हणजे प्रवासाला अशुभ अशा टप्प्यात होता.

"काल कुठं होता?" मी विचारलं.

"काल मी बघितलं नव्हतं, बाई."

चंद्र सुटला तर शनी आडवा आला. शनी टळला तर बुध वक्री. तो सरळ होईपर्यंत घाटात बर्फ साचलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, याचं तर आभाळच वाकडं. अंजिरं शेवटी मीच खाल्ली.

"अरे, निकड असेल तर निघावं, असं त्याच पुस्तकात आहे," खलफ समजवायचा.

थिबो आपली पानं चाळायचा. "माझ्यात नाही."

"तूच गाळलंस ना?"

"असेल. पण लॅटिनमध्ये नाही ते मी कशाच्या आधारावर मानू?"

वसंतात त्याच्या गावचा एक व्यापारी आला. गुरुजी नाताळानंतर गेले होते. शेवटपर्यंत दारापाशी बसायचे, खेचराची घंटा वाजली की विचारायचे, "थिबो का?" मला रडू आवरेना. त्या म्हाताऱ्याला मी कधी पाहिलंही नव्हतं.

थिबोनं आपली पानं नीट रचली. मग खलफला म्हणाला, "ते राहिलेलं प्रकरण लिहून टाकू या."

"आण दौत," खलफ म्हणाला.

थिबोनं कोष्टक पुढं ओढलं. "आज नको. आरंभाला दिवस बरा नाही."