झील धरणारी बाई

आमच्या घरात चमत्कार मानत नाहीत. आमचं कुटुंब बौद्ध, नांदेडहून हैदराबादेत अंबरपेठेला आलेलं. विहारात जायचं, वंदना घ्यायची आणि डोकं शाबूत ठेवायचं, ही वडिलांची शिकवण. म्हणून जे घडलं त्याला मी काहीच नाव देत नाही.

आई विहारातली गाणारी. ती ओळ म्हणणार आणि मागच्या बायका तीच ओळ उचलणार. याला आम्ही झील धरणं म्हणतो. यंदा तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहीलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "आवाज हाय तंवर तुझं एखादं गाणं गाऊ दे मला." मी शाळेपासून गाणी जुळवते हे तिला ठाऊक होतं; एकही पुरं झालं नाही, हेही.

मग माझ्या जिवाला थारा राहिला नाही. ऑफिसात, बसमध्ये, भाजी चिरताना मी पुटपुटत होते. करुणा, प्रज्ञा, सगळे भारदस्त शब्द हाताशी होते आणि दुसऱ्या ओळीपाशी गाडं अडत होतं. नवस बोलणाऱ्यांचा मला पहिल्यांदा हेवा वाटला.

ऑपरेशनच्या सकाळी कोठी भागातल्या दवाखान्यात मी येरझारा घालत होते. आईला रात्रीपासून पाणीही बंद होतं. शेवटी वैतागून सगळं सोडलं आणि समोर दिसलं तेच बोलले: "घोटभर पाणी नाही, माय बसली बाकावर." आईशेजारी बुरख्यातली एक अनोळखी म्हातारी होती. तिला मराठीचा गंध नाही. तरी मान डोलवत तिनं ती ओळ मोडक्यातोडक्या उच्चारांत तश्शीच म्हटली. मग म्हणाली, "रुक गए कायकू अम्मा? आगे बोलो ना."

तिनं ओळ धरली तेवढ्यात पुढची तोंडी आली: "सावली तुझी, बुद्धा, तिच्या कोरड्या गळ्यावर." तीही तिनं धरली. आजवर मी कोपऱ्यात एकटी बसून लिहीत होते. झील ऐकत वाढलेल्या मला एवढं कळू नये! ओळी येत गेल्या, मी रडत होते आणि हसतही होते. आईनं मांडीवर ताल धरला, आणि आतून बोलावणं येईपर्यंत अख्खं गाणं खणखणीत गायली.

आवाज गेला. म्हातारीचे आभार मानायचेही राहिले. पौर्णिमेला विहारात मी गायले, बायकांनी झील धरली. आईचे नुसते ओठ हलत होते. एवढ्या दुःखातही मनात आनंद मावेना, त्याची मला लाज वाटली. जन्मभर 'सरणं गच्छामि' म्हणत आले. आपली ओळ सोडून द्यायची आणि कोण उचलतंय याची वाट पाहायची, एवढंच शरण जाणं मला उमगलंय. जीव अजूनही तगमगतो. पण गाणं संपल्यावर आईनं मला जवळ ओढलं आणि नुसत्या श्वासानं म्हणाली, "आता दुसरं लिही."