पी.टी.चे सर गाण्याला येतात

मी आज जो काही आहे तो आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांमुळे आहे, आणि पी.टी.चे सर आयुष्यात कधीही कुणाची जागा अडवून बसले नाहीत, याला अपवाद फक्त आमच्या गिरणीचा ओटा. दहावीनंतर वडील मला पिठाच्या गिरणीवर बसवणार होते. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात आमच्या घराण्यातल्या कुणी तोवर कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं आणि ते न पाहिल्यानं कुणाचं काही अडलेलंही नव्हतं. सरांना हे पटलं नाही. पण सरांना वाद घालता येत नसे. शाळा सुटली की ते रोज यायचे, गिरणीच्या ओट्यावर बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. दळण घेऊन आलेल्या बायका सरांना बघून पदर सावरत रस्त्यातच थांबायच्या, त्यामुळे गिऱ्हाईक तुंबायचं. शेवटी वडील म्हणाले, "सर, पोराला पुण्याला न्या नाहीतर काशीला न्या, पण तुम्ही उठा." सर उठले. मी पुण्यात येऊन बी.कॉम. झालो, इथेच नोकरीला लागलो आणि आता कर्वेनगरात बायकोसह राहतो. वडील अजून म्हणतात, सरांनी एवढी साधी युक्ती लढवली आणि आपण फसलो.

सरांचा आवाज हा गावाच्या मालकीचा होता. मैदानावर त्यांनी "सावधान" म्हटलं की बाजारात भाजी तोलणाऱ्या बाईचा हात थांबायचा. असा माणूस शास्त्रीय गाण्याचा वेडा असेल हे कुणाला खरं वाटलं नसतं, पण पी.टी.च्या खोलीत व्हॉलीबॉलच्या जाळीखाली त्यांचा ट्रान्झिस्टर असायचा आणि ज्या सकाळी त्यावर चांगलं गाणं लागे त्या सकाळी आम्हाला शवासन असे. सगळा वर्ग मैदानावर उताणा, डोळे मिटलेले, आणि सर खिडकीशी कान लावून उभे. आमच्याइतकं शवासन राज्यातल्या कुठल्याही शाळेनं केलं नसेल. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मुलांना विचारलं, कोणकोणती आसनं येतात? प्रत्येकानं शवासनच सांगितलं. साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "पाया पक्का करून घेतोय." गाणं सुरू होताना तंबोरा लागला की ते स्वतःशी "सावधान" म्हणत, आणि गाणं संपलं की "विश्राम". दाद देण्याची दुसरी रीत त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. त्यातलं किती कळतं असं विचारलं तर म्हणायचे, "कळत न्हाई. आवडतं." एका बाईंचं गाणं लागलं तर मात्र आम्हाला शवासनातून उठायला दुसऱ्या तासाची घंटा व्हावी लागे. त्या बाई त्यांनी तरुणपणापासून ऐकलेल्या, पाहिलेल्या कधीच नव्हत्या.

पुण्याचा मोठा संगीत महोत्सव डिसेंबरात असतो आणि शाळांच्या क्रीडा स्पर्धाही डिसेंबरात असतात, त्यामुळे नोकरीभर सरांना येता आलं नाही. निवृत्त झाल्यावर कबड्डीचे पंच म्हणून बोलावणी येत, आणि बोलावलं की नाही म्हणणं त्यांना जमत नसे. मी दर वर्षी फोन करायचो, ते दर वर्षी "पुढच्या साली नक्की" म्हणायचे. गेल्याच्या गेल्या वर्षी त्यांचाच फोन आला. "डाक्टरला दाखवलं. डावा कान गेला. उजवा निघालाय, अजून स्टँडाच्या बाहेर पडलेला न्हाई. तवर त्या बाईंना ऐकून घेतो. तिकीट काढ." बाईंचं गाणं पहिल्याच संध्याकाळी, सगळ्यांत शेवटी होतं. मी भारतीय बैठकीची, म्हणजे रंगमंचासमोर खाली बसायची, दोन तिकिटं काढली. त्यांना लांबून ऐकू येणार नव्हतं.

स्वारगेटला मी त्यांना उतरवून घेतलं तेव्हा त्यांच्या एका हातात सतरंजीची वळकटी आणि दुसऱ्यात कडक भाकरी व शेंगाच्या चटणीची पिशवी होती. पाय सुजलेले. सकाळी सगळ्यांच्या आधी स्टँडवर जाऊन त्यांनी खिडकीची जागा धरली होती, ती एका बाळंतिणीला दिली. मग मिळालेली दुसरी जागा एका म्हाताऱ्याला दिली, आणि हा म्हातारा सरांपेक्षा लहान निघाला. टेंभुर्णीपासून पुढे ते उभ्यानं आले होते. बायकोनं गरम पाण्याची बादली पुढे ठेवली आणि म्हणाली, "सर, आज तरी जागा कुणाला देऊ नका हं. ही पुण्याची माणसं आहेत. मी इथलीच आहे, म्हणून सांगते." सर म्हणाले, "सूनबाई, मागितल्याशिवाय कोण देतं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मागितली की देणार."

आम्ही मैदानावर इतक्या लवकर पोचलो की स्वयंसेवक अजून दोऱ्या बांधत होते. सरांनी अगदी पुढे, रंगमंचाच्या नाकासमोर सतरंजी अंथरली, कानातल्या मशीनचं चाक फिरवून पाहिलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले. पहिल्या तरुण गायकाचा तंबोरा लागला आणि सर पुटपुटले, "सावधान." आता सरांचं पुटपुटणं म्हणजे साध्या माणसाचं ओरडणं, आणि कान गेल्यापासून तर त्यांना स्वतःच्या आवाजाचा अंदाजच राहिला नव्हता. आजूबाजूची सगळी रांग पाठ सरळ करून बसली. मागून एक आजोबा शांतपणे म्हणाले, "आपण गाण्याला आलात की कवायतीला?" सरांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी वळून नमस्कार केला.

दुसऱ्या कलावंताची सतार संपल्यावर मी चहा आणायला बाहेर गेलो. परतलो तर सतरंजी जागेवर होती, सर नव्हते. सतरंजीवर कोथरूडच्या एक आजी, त्यांचे यजमान, सूनबाई आणि एक थर्मास असे सगळे ऐसपैस बसले होते. मी विचारलं, "इथं एक गृहस्थ होते…" आजी म्हणाल्या, "होते की. फार सज्जन. आम्ही म्हटलं जरा सरकता का, ते सरकले. मग यांचे गुडघे दुखतात म्हटलं, तर आणखी सरकले. मग सून आली." सर मला मंडपाच्या पार शेवटच्या खांबापाशी, वडापावच्या स्टॉलला पाठ लावून उभे सापडले. तिथून रंगमंच आगपेटीएवढा दिसत होता. मी जवळजवळ रडकुंडीला आलो. त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन म्हटलं, "सर, आमच्या ओट्यावरून तुम्ही हलला नव्हता." ते म्हणाले, "ते तुझ्यासाठी होतं. ही दर वर्षी येणारी माणसं. त्यांना कळतं, मला नुसतं आवडतं. कळणारानं पुढं बसावं."

मी त्यांना तिथंच ठेवून परत गेलो आणि आजींना सगळं सांगितलं: दोन्ही कान, त्या बाई, टेंभुर्णी, सगळं. आजींनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "मग हे बोलायचं नाही का माणसानं? आम्ही काय मनातलं ऐकतो?" असं म्हणून त्यांनी यजमानांना उठवलं, सुनेला मागे धाडलं, मघाच्या कवायतवाल्या आजोबांनाही "अहो, तुम्ही कशाला पसरलाय, आवरा पाय" म्हणून आवरायला लावलं, आणि मी सरांना हाताला धरून आणलं तेव्हा सतरंजीचा पुढचा कोपरा रिकामा होता. सर एवढ्या लोकांची क्षमा मागत आले की ते बसेपर्यंत बाई रंगमंचावर आल्या होत्या.

बाईंनी अगदी हळू आवाजात आलाप सुरू केला. सरांनी मशीनचं चाक पार शेवटपर्यंत फिरवलं. आणि मशीन शिट्टी मारू लागलं. बारीक, लांब, सुईसारखी शिट्टी. दोन-तीन रांगांनी माना वळवल्या. मागचे आजोबा म्हणाले, "कुणाचा तरी कुकर झालाय." मी सरांना खूण केली. त्यांनी चाक कमी केलं. शिट्टी थांबली, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की गाणंही थांबलं. थोड्या वेळानं त्यांनी चाक पुन्हा हळूच वाढवलं आणि शिट्टी पुन्हा आली. बाईंनी डोळे उघडून आमच्या दिशेनं पाहिलं. मग सरांनी मशीन कानातून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. आजी त्यांच्या बाहीला हात लावून म्हणाल्या, "राहू द्या हो, घाला कानात. वाजली थोडी शिट्टी तर काय होतंय?" मागच्या आजोबांनीही घसा साफ केला आणि म्हणाले, "आमची काही हरकत नाही." पण सरांना आता यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते समोर बघत बसले होते. बाईंचा हात वर जाई तशी त्यांची हनुवटी वर जाई, तबलजी हसला की तेही हसत. समेवर सगळा मंडप डोलला की जरा मागून तेही डोलत. गाणं संपल्याचं त्यांना टाळ्या वाजवणाऱ्या हातांवरून कळलं. त्यांनी "विश्राम" म्हटलं, मैदानावर म्हणत तेवढ्याच आवाजात. बाई हसल्या, त्या ते ऐकून हसल्या की सहजच, हे मला सांगता येणार नाही.

रिक्षात त्यांनी मशीन परत घातलं. मी विचारलं, "सर, ऐकू आलं का?" ते बाहेर बघत म्हणाले, "सुरवातीचं आलं. म्होरलं दिसलं." आणि कर्वेनगर आल्यावर, "म्हातारी झाली रे बाई. रेडिओवर कळत नव्हतं." दुसऱ्या दिवशी ते परत गेले. उरलेले दिवस थांबा म्हणून बायकोनं फार आग्रह केला, पण त्यांना कुठल्यातरी कबड्डीला जायचं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात उजवा कानही गेला. आता फोनचा उपयोग नाही, म्हणून आम्ही एकमेकांना पत्रं लिहितो. यंदा तिकिटं निघाली त्या आठवड्यात मी त्यांना लिहिलेलं पत्र असं:

तीर्थरूप सरांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. "आता येऊन काय करू, उगाच एका ऐकणाऱ्याची जागा अडेल," असं तुम्ही लिहिलंय. ते मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सरांना कळवा की मंडपात निम्मे लोक फोनच बघत असतात.

तुम्ही गेल्यावर त्या वर्षी उरलेल्या संध्याकाळी मी एकटा गेलो, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षीही गेलो. त्याआधी मी गाणं कधी ऐकलं नव्हतं, तुमच्या शवासनात मला झोप लागायची. अजूनही त्यातलं काही कळत नाही. पण बाई वर चढत जातात तेव्हा, लांब उडीसाठी धावत येताना पोटात व्हायचं तसं होतं. फळीवर पाय पडणार असं वाटतं, आणि त्या उडी न मारताच हळूच परत फिरतात. मग पुन्हा धावत येतात. असं तीन-चारदा झाल्यावर एकदाची उडी घेतात, तेव्हा कुठं उतरल्या ते मला दिसतच नाही. गाणं असंच असतं, की मी चुकीचं ऐकतोय? शेजारच्यांना विचारायची लाज वाटते. तुम्हाला विचारता येईल.

यंदाही बाई पहिल्या दिवशीच आहेत. मी दोन तिकिटं काढली आहेत. तुम्ही समोर बघा, मी ऐकतो, आणि घरी आल्यावर मला काय ऐकू आलं ते लिहून दाखवतो. तुम्ही ते तपासा.

सकाळची एस.टी. धरा. स्वारगेटला मी फलाटाच्या तोंडाशीच उभा असेन. हाक मारणार नाही, हात वर करीन.