मदत केल्यास वळतील

गेली चौदा वर्षं मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मोबाइल, अ‍ॅप, इंटरनेट असल्या विषयांवर लिहिते. कोणता फोन घ्यावा, पासवर्ड कसा ठेवावा, बँकेच्या नावानं आलेल्या लिंकवर बोट का लावू नये. नाशिकमध्ये एवढ्या भांडवलावर माणूस तज्ज्ञ होतो. पाथर्डी फाट्याच्या पुढे आमची चार मजली सोसायटी आहे. तिथं कुणाचाही फोन अडकला की आधी माझी बेल वाजते. मला ते आवडायचं, हे कबूल करते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी सोसायटी त्यांना बाई म्हणते, मीही. त्यांचे यजमान, आमचे काका, पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू अधू झाली. तरी माणूस ताठ. वॉकर धरून स्वतः बाथरूमला जाणार, रोज दाढी करणार, इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय दार उघडणार नाही.

महापालिका निवडणुकीच्या आधी सात-आठ महिने आमच्या प्रभागातल्या एका इच्छुकानं अ‍ॅप काढलं. खड्डा, कचरा, पाणी, पथदिवा, काय असेल ती तक्रार टाका, आमची माणसं येतील. तेव्हा सिंहस्थाच्या कामांसाठी जिकडंतिकडं खोदलेलं होतं आणि आमच्या वरच्या मजल्यांवर पाणी चढत नव्हतं. बाई खाली आल्या, म्हणाल्या, त्या अ‍ॅपवर माझी तक्रार टाकून दे, मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत.

मी त्यांच्या फोनवर अ‍ॅप उतरवलं. नाव, फ्लॅट नंबर, जन्मतारीख, घरात किती माणसं, सगळं भरलं. परवानग्यांचा चौकोन आला, तिथं न वाचता ‘मान्य’ दाबलं. दर तीन महिन्यांनी वाचकांना मी हेच करू नका म्हणून सांगत आले होते. मग तक्रारीचा रकाना आला. बाई म्हणाल्या, “पाणी येत नाही, एवढंच लिही.”

मी तेवढंच लिहिलं नाही. कोरडी तक्रार कुणी वाचत नाही, हा माझा धंद्यातला अनुभव. मी लिहिलं, ‘घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध पेशंट आहेत. पाण्यावाचून त्यांचे अतोनात हाल होत आहेत.’ बाईंना वाचून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला आणि मला माझ्या लेखणीचं कौतुक वाटलं.

त्या रविवारी मी अ‍ॅपवर लेख लिहिला. तंत्रज्ञान नागरिकांच्या दारात कसं येऊ शकतं वगैरे. लेखाचं कात्रण त्या इच्छुकाच्या सगळ्या ग्रुपवर फिरलं. मी ते तीन-चार वेळा उघडून पाहिलं. पुढे तिकिटं वाटली गेली, इच्छुकाचा उमेदवार झाला आणि प्रभागभर त्याचे हात जोडलेले फलक लागले.

प्रचाराच्या पहिल्याच रविवारी सकाळी जिन्यात गलका ऐकू आला म्हणून मी दार उघडलं. आठ-दहा माणसं वर चढत होती. दोघांनी प्लास्टिकच्या वेष्टनातली व्हीलचेअर उचललेली, एकाच्या हातात दांडीला लावलेला कॅमेरा, मध्ये उमेदवार. त्यांच्या मागोमाग मीही वर गेले. बाई बाजारात गेल्या होत्या. दार आतून लोटलेलं होतं, ते ढकलून सगळे सरळ आत शिरले.

काका बनियनवर होते. अंघोळीच्या तयारीत वॉकर धरून उभे होते. दोघांनी त्यांच्या बगलेत हात घालून त्यांना उचललं आणि त्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या मांडीवरची लुंगी सरकली, ती त्यांना उजव्या हातानं नीट करायची होती, पण तो हात उमेदवारानं आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. कॅमेरावाला म्हणाला, “साहेब, थोडं वाका, आजोबांकडं बघा.” साहेब वाकले. काका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, अहो, त्यांना शर्ट तरी घालू द्या. कुणी ऐकलं नाही, आणि मी पुन्हा म्हटलं नाही. पाच मिनिटांत सगळे उतरून गेले. मी काकांना शर्ट आणून दिला. त्यांनी तो डोक्यावरून घातला आणि मला म्हणाले की आता तू जा.

दुपारी तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला. मागे सनई वाजत होती. काकांचं उघडं पोट, सरकलेली लुंगी, भांबावलेले डोळे, आणि वर पिवळ्या अक्षरांत, ‘अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी धावून आला आपला माणूस’.

काका अंथरुणाला खिळलेले नव्हते. जगात फक्त एकीनं त्यांना तसं म्हटलं होतं. मी जेवणावरून उठले. तोंडातला घास मी बेसिनमध्ये थुंकला.

संध्याकाळी मी प्रचार कार्यालयात गेले. एका बंद पडलेल्या शोरूमचा गाळा भाड्यानं घेतला होता. आत कढवलेल्या चहाचा वास, कोपऱ्यात द्राक्षांच्या पेट्या, भिंतीवर माझ्या लेखाचं कात्रण मोठं करून चिकटवलेलं. लॅपटॉपवर बसलेला तरुण मला बघून उठूनच उभा राहिला. दिंडोरीकडचा होता, इंजिनिअर झालेला. म्हणाला, “मॅडम, तुमचे लेख वाचूनच मी या लाइनला आलो.” मला खुर्ची दिली आणि मी काही विचारायच्या आत आपण केलेलं काम दाखवू लागला. त्याला वाटलं, मी त्यासाठीच आले आहे.

पडद्यावर आमच्या प्रभागाची मतदारयादी होती, घराघराप्रमाणे. हिरवी घरं आपली, लाल घरं त्यांची, पिवळी मधली. प्रत्येक नावापुढे जात. ती कुठून आली असं मी विचारलं. “आडनावावरून नव्वद टक्के कळतीच. बाकीचं कार्यकर्ते भरत्यात,” तो म्हणाला. त्यापुढे नोकरी, आजार, घरातलं भांडण, कुणाचा मुलगा बेकार आहे, कुणाच्या मुलीचं जमत नाही. लोकांनी खड्ड्यांच्या तक्रारी टाकताना फोनमधले जे जे नंबर उघडे केले होते, ते सगळे या यादीला जोडलेले होते. तो हे सगळं लय भारी झालंय म्हणून सांगत होता, आणि खरोखर, कारागिरी म्हणून ते चोख होतं.

मी आमची सोसायटी उघडायला सांगितली. माझ्या नावापुढे होतं: ‘पत्रकार. लेख दिला आहे. जपावे.’ बाईंच्या घराला पिवळा रंग होता. ‘न. बौ. शिक्षिका, निवृत्त. विरोधी. पेशंट घरात. मदत केल्यास वळतील.’ न. बौ. म्हणजे नवबौद्ध, तो जातीचा रकाना. आणि खाली, अवतरणात, माझी दोन्ही वाक्यं.

मी त्या तरुणाला म्हटलं, हे काढून टाक. तो गोंधळला. म्हणाला की डिलीट करायचा अधिकार वरच्यांना आहे, आणि मॅडम, सगळेच पक्ष हे करतात, तुम्हाला तर माहीत असणार. माहीत होतं. दुसऱ्या देशांतल्या, दुसऱ्या राज्यांतल्या असल्या प्रकारांवर मी निदान चार लेख लिहिले होते. त्यातलं एकही वाक्य लिहिताना मला घाण वाटली नव्हती.

घरी येऊन मी थेट वर गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. तक्रारीत मी काय लिहिलं होतं तेही. त्या पलंगाच्या कडेला बसून ऐकत होत्या. काका पलीकडच्या खोलीत होते, त्यांनीही ऐकलं असावं. बाईंनी एवढंच विचारलं की ते कार्यालय सकाळी किती वाजता उघडतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांनी खालच्या टेम्पोवाल्याकडून व्हीलचेअर टेम्पोत चढवून घेतली आणि स्वतः पुढे बसल्या. मी माझ्या स्कूटरवर मागून गेले. कार्यालयात गर्दी होती, बायका पत्रकं मोजत होत्या, उमेदवार आतल्या केबिनमध्ये होता. बाईंनी खुर्ची मधोमध ठेवली आणि त्या तरुणासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“माझं नाव काढा,” त्या म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग काढलं.

“आता वाचा. मोठ्यानं.”

तो म्हणाला, मावशी, ते आतलं काम असतं, तुम्ही बसा, चहा घ्या.

“मी चाळीस वर्षं पोरांकडून वाचून घेतलंय. वाचा.”

त्यानं वाचलं. ‘न. बौ.’ म्हणताना त्याचा आवाज एकदम उतरला. पत्रकं मोजणाऱ्या बायका थांबल्या होत्या. ‘मदत केल्यास वळतील’ असं वाचून त्यानं लॅपटॉप मिटायला हात नेला. बाई म्हणाल्या की पुढचंही वाचा, आणि त्यानं माझी वाक्यं वाचली. ती तिथं, त्या गाळ्यात, परक्या आवाजात ऐकताना मला जी शिसारी आली, ती त्या यादीचीसुद्धा आली नव्हती.

केबिनचं दार उघडून उमेदवार बाहेर आला. नमस्कार केला, म्हणाला की काहीतरी गैरसमज झालेला दिसतो, व्हिडिओ लगेच काढायला सांगतो, खुर्ची मात्र राहू द्या, आजोबांना लागेल.

“लागते,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच परत आणलीय. आमच्या गरजेवर आम्ही वळत नाही.”

एवढं बोलून त्या बाहेर पडल्या. परतताना त्या टेम्पोतच बसल्या, मी स्कूटरवर मागे बसा म्हटलं तरी.

व्हिडिओ निघाला नाही. निघाला असता तरी तोवर तो इतक्या फोनांत गेला होता की फरक पडला नसता. मी त्या आठवड्याचा लेख यादीवर लिहिला, जे पाहिलं ते, माझ्या चुकीसकट. संपादकांचा फोन आला. निवडणुकीच्या तोंडावर पुरवणीत हे नको, पुरावा काय, आणि पहिल्या पानावर कुणाची जाहिरात आहे ते बघितलंस ना. त्यांनी सुचवलं की अ‍ॅपच्या परवानग्या कशा तपासाव्यात, एवढंच ठेवू. मी भांडले, पण फार नाही. शुक्रवारी दुपारी, वेळेच्या आधी, मी परवानग्यांवरचा लेख पाठवला. तो छापून आला तेव्हा वाचकांच्या नेहमीसारख्या प्रतिक्रिया आल्या. उपयुक्त माहिती. धन्यवाद.

उमेदवार निवडून आला. आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांनी त्याला मत दिलं असणार, टँकर आला होता ना. काही दिवसांनी अ‍ॅप उघडणं बंद झालं. यादी कुठं गेली, कुणाकडे आहे, मला माहीत नाही. तो तरुण मुंबईला मोठ्या कामावर गेला असं ऐकलं.

बाईंनी विहारातल्या महिला मंडळाकडून एक जुनी व्हीलचेअर आणली. पण काका खाली उतरायचं नाव काढत नाहीत. पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये कुणीतरी त्यांना ‘व्हिडिओवाले आजोबा’ म्हणून हाक मारली होती. बाई माझ्याशी बोलतात. पोह्यांची ताटली येते, जयंतीची खीर आली. मी एकदा त्यांची माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, “तू वाईट हेतूनं लिहिलं नाहीस, ते मला कळतं. पण मी सांगितलं तेवढंच लिहायचं होतंस.” त्यानंतर त्यांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिलेला नाही. पेन्शनचा हयातीचा दाखला त्या नाशिकरोडला भाचीकडे जाऊन करतात, दोन रिक्षा बदलून.

गेल्या महिन्यात नव्या नगरसेवकांच्या, म्हणजे त्याच उमेदवाराच्या, कार्यालयातून फोन आला. आमच्याच चौकात ‘डिजिटल प्रभाग’ असा काहीसा कार्यक्रम आहे, तुमचा सत्कार करायचा आहे, दोन शब्द बोला. मी सांगितलं की त्या दिवशी मी त्र्यंबकला जाणार आहे. खरं कारण जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. कार्यक्रमाच्या संध्याकाळी खिडक्या लावून मी घरातच बसले होते, आणि खालच्या माइकवरून, आज अनुपस्थित असल्या तरी ज्यांचं मार्गदर्शन आम्हाला सतत लाभलं, असं म्हणून कुणीतरी माझं नाव घेत होतं. वर बाईंच्या घरातही ते ऐकू गेलंच असेल.