डिझेलचे पैसे

माझी गाडी जुनी, पांढरी, डिझेलवर चालणारी. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना एका ओळखीच्या मास्तरांकडून घेतली. फुलसावंगीतल्या आमच्या गल्लीत चारचाकी चालवणारी बाई मी एकटीच, त्यामुळे गाडी दारात आली तशी ती गल्लीचीच झाली. कुणाला यवतमाळला दवाखान्यात जायचं असलं की आदल्या दिवशी निरोप यायचा, "बाई, उद्या जाऊन राह्यल्या काय?" जाणार नसले तरी मी जायची. परत आल्यावर उतरता उतरता घडी केलेल्या नोटा माझ्या मुठीत कोंबल्या जायच्या. डिझेलचे. नको म्हटलं तर माणूस रुसायचा आणि पुढच्या खेपेला बोलावूनही यायचा नाही. गाडीत फुकट बसायचं म्हणजे आमच्याकडे मिंधं होणं, आणि मिंधेपणा कुणालाच नको असतो. मीही मग घ्यायला लागले.

मास्तरांनी काढलेला विमा संपत आला तेव्हा मी पुसदला गेले. कोथिंबिरीच्या जुडीसाठीही मी चार दुकानं हिंडणारी बाई, तर विम्याला सोडते की काय! पहिलं दुकान बसस्टँडजवळ. झेरॉक्स, पीयूसी आणि विमा, सगळं एकाच टेबलावर. तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "थर्ड पार्टी काढून टाका ना मॅडम. पोलिसाले दाखवाले पुरे." तुम्ही कुणाला उडवलं तर त्याला भरपाई मिळणार, तुमच्या गाडीला काही नाही, आत बसलेल्यांना काही नाही. स्वस्त का, ते कळलं. मी उठले.

तिसऱ्या दुकानात एक मुलगी होती. तिचा मी अक्षरशः जीव खाल्ला. वर्गात पोरांकडून वदवून घ्यावं तसं तिच्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं. फुल विम्यात आपल्या गाडीचं नुकसानही येतं. गाडीची किंमत कमी लावली की हप्ता कमी होतो, पण गाडी गेली तर हातात तेवढंच पडतं. वर्षभर विम्याकडे काही मागितलं नाही तर पुढच्या वर्षी सूट. आणि थोडे जास्त भरले तर आत बसणाऱ्या प्रत्येकाचा सीटमागे वेगळा अपघात विमा. जन्माचं अपंगत्व आलं तरी त्यात पैसे मिळतात. वहीच्या मागच्या पानावर मी सगळं लिहून घेतलं आणि बसणाऱ्यांचाही विमा काढला. आपण फार हुशारीचं काम केलं असं वाटत होतं.

शेवटी तिनं विचारलं, "मॅडम, गाडी भाड्यानं लावता काय?"

मला राग आला. "मी शिक्षिका आहे. ड्रायव्हर दिसते का तुला?"

ती ओशाळून हसली आणि तिनं कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. डिझेलच्या पैशांबद्दल तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. लपवलं नाही हो, ते भाडं आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत समोरच्या घरातल्या काकूंना यवतमाळला डोळा दाखवायला न्यायचं होतं. काका माझ्या शेजारी बसले, काकू मागे. आर्णीच्या पुढे, भर दुपारी, तुरीच्या शेतातून एक रोही उडी मारून थेट रस्त्यावर आला. नीलगाय म्हणतात ते, घोड्याएवढं जनावर. मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी रस्ता सोडून नालीत कलंडली. मला कपाळावर टेंगूळ, काकांना खरचटलं. काकू मागच्या सीटवरून दाराकडे फेकल्या गेल्या होत्या. पट्टा लावा म्हणून मी त्यांना सांगितलं नव्हतं. मागे बसणाऱ्याला आमच्याकडे कुणीच सांगत नाही.

काकूंचा खुबा मोडला होता. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून सळई टाकली, पण ती धरेना. डॉक्टर म्हणाले, आता सांधाच बदलावा लागेल, तेही नागपूरला, आणि त्याला बराच पैसा लागेल. नाहीतर त्या आधाराशिवाय चालणार नाहीत. काका व्हरांड्यातल्या बाकावर खाली मान घालून बसले होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवून सांगितलं, "काका, काळजी करू नका. मी बसणाऱ्यांचा विमा काढलेला आहे. काकू चालतील." असं वचन द्यायचा मला काय अधिकार होता, कोण जाणे.

महिन्याभराने कंपनीचा तपासनीस आला. सभ्य माणूस, मऊ बोलणारा. काकांच्या ओसरीवर बसला, चहा घेतला, काकूंची विचारपूस केली. मीही तिथेच होते. बोलता बोलता त्याने विचारलं, "बाई तुमच्या नात्यातल्या काय?"

"नाई. पन नात्याहून जास्त हायेत."

"मग जाण्यायेण्याचं काही देता काय त्यांना?"

काका एकदम ताठ बसले. "देतो ना! फुकट कायले बसू? आजपावतर एक खेप फुकट नाई बसलो बाईच्या गाडीत. सारी गल्ली देते. इचारा त्याईले."

तपासनीस माझ्याकडे बघत होता. विम्याच्या दुकानातल्या त्या मुलीचा प्रश्न मला तेव्हा आठवला. नाही म्हणता आलं असतं. पण मग काकांच्याच ओसरीवर, त्यांच्या बायकोदेखत, मी त्यांना खोटारडं आणि फुकटं ठरवलं असतं.

"हो," मी म्हणाले, "देतात."

त्याने ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. काकांनी चष्मा लावून, एकेक अक्षर जपत सही केली. आपण बाईंच्या बाजूनं चांगली साक्ष दिली, असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते बघून मला रडू येत होतं.

पत्र आलं. खासगी वाहन भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरलं, अटींचा भंग, दावा नामंजूर. मी पुसदला जाऊन त्या मुलीवर ओरडले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मी विचारलं होतं." विचारलं होतंच तिनं. वकिलाकडे गेले. तो म्हणाला, डिझेलपुरत्या पैशाला कोर्ट भाडं मानेलच असं नाही, काकूंना लढायला लावा. फक्त दाव्यात प्रतिवादी म्हणून तुमचंही नाव घालावं लागेल, कंपनीच्या जोडीला. मी काकांना हात जोडले.

"तुमच्यावर केस टाकू?" ते म्हणाले. "तुमी आमच्या बुढीले दवाखान्यात नेऊन राह्यल्या होत्या अन् आमी तुमाले कोर्टात नेऊ? नाई जमत, बाई." मी माझ्या जवळचे पैसे पाकिटात घालून पाठवले, तर पाकीट तसंच परत आलं.

गाडी मी पदरच्या पैशाने दुरुस्त करून घेतली होती. विमा पुन्हा काढायची वेळ आली तेव्हा मी त्याच दुकानात गेले. त्याच मुलीनं तोच प्रश्न विचारला. "नाही," मी म्हणाले, "आणि यापुढे डिझेलचेही घेणार नाही." बसणाऱ्यांचा विमा मात्र पुन्हा काढला.

पुढच्याच आठवड्यात काकूंची यवतमाळला तपासणी होती. सकाळी मी गाडी त्यांच्या दाराशी लावली, पुढची सीट मागे सरकवली, वॉकर मागे ठेवला. काकूंना धरून बसवलं आणि स्वतःच्या हाताने पट्टा लावला. काका खिडकीशी आले. त्यांच्या हातात घडी केलेल्या नोटा होत्या.

"काका, आता घेता येत नाही. घेतले की पुन्हा तेच होईल. काकूंचा विमा लागू राहायला हवा म्हणून सांगते."

"मंग आमी कसे बसू?"

"तसेच बसा. तुम्हाला माझी शपथ."

काकांनी नोटा तशाच पुढे धरल्या. काकू समोर बघत बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "उतरवा मले."

त्यांनी पट्टा चाचपला, पण तो कुठून सुटतो ते त्यांना सापडेना. शेवटी मीच सोडून दिला.

स्टँड जवळ आहे, पण वॉकर टेकत जायला त्यांना खूप वेळ लागला. मी मागे मागे चालत गेले, दोघांनीही वळून बघितलं नाही. कंडक्टरने आणि आणखी दोघांनी मिळून काकूंना उचलून पायऱ्यांवरून आत घेतलं. त्या कळवळल्या, तो आवाज मला खाली ऐकू आला. काकांनी घडी उलगडून त्याच नोटा कंडक्टरला दिल्या आणि तिकिटं घेतली.

बस गेली. मी परत येऊन गाडीत बसले. शेजारची सीट मागे सरकवलेली होती, आणि तिचा वर्षभराचा विमा मी भरलेला होता.