राठोड सिस्टरची पेन्सिल

हिंगोलीच्या मानसोपचाराच्या दवाखान्यातली राठोड सिस्टर कुठल्याही बाईला पहिला प्रश्न तारखेचा विचारायची. नाव, गाव, झोप, भूक हे सगळं नंतर. आधी, “पाळी कधी आली व्हती?” तेही खणखणीत आवाजात, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. पुरुष आला की विचारायची, “काल काय खाल्लं?” त्या उत्तराचं ती काहीच करत नसे. मी एकदा छेडलं तर म्हणाली, “गड्यायला बी कायतरी विचारा लागते बाई. न्हाई त बायकायला वाटते, आपलीच उलटतपासणी चालू हे.”

आम्ही वसमतचे. गल्लीतल्या महादेवाची पूजा आमच्या घराकडे आहे, ती दादा करतो. मी पंचायत समितीत लिपिक. लग्न केलं नाही, दादा-वहिनींजवळच राहते. काही वर्षांपूर्वी आम्हा दोघा भावंडांना एकाच दुखण्यानं धरलं. दादा पूजा उरकून यायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी ऑफिसात एकच कागद तासभर वाचत राहायची. गोळ्या बदलून झाल्या. मग हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, केटामीन म्हणून भूल द्यायचं जुनं औषध आहे, ते अगदी थोडं, सलाईनमधून सावकाश दिलं तर काहींचं मन एका दिवसात वर येतं. दोघांनाही द्यायचं ठरलं. सिस्टरनं मला तिचा तो प्रश्न विचारला तेव्हा दादा पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

आधी दादाला दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वहिनीकडे आपणहून चहा मागितला. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. दादाचं ते बरं वाटणं टिकलं. मला आठवड्यानं दिलं. त्याच संध्याकाळी मी कपाट आवरायला काढलं, वहिनीशी चक्क भांडले, आणि चौथ्या दिवशी पुन्हा जिथल्या तिथे. पुढच्या महिन्यात पुन्हा दिलं, पुन्हा तेच. औषध तेच, कॉट तीच, आईबाप तेच. मग फरक कशाचा? मी माझ्यापुरता निकाल लावला, की खोट माझ्यातच आहे. सरळच सांगते, तेव्हा मला जगायचं नव्हतं.

आता उपचार नकोत, एवढं सांगायला मी हिंगोलीला गेले. डॉक्टर आत होते. सिस्टर माझ्याजवळ येऊन बसली. कळमनुरीकडच्या एका तांड्यातली ही बाई, पन्नाशीची, हातावर जुनं गोंदण आणि कानामागे कायम पेन्सिलीचा तुकडा. माझ्या केसपेपरच्या कोपऱ्यात तिनं पेन्सिलीनं तारखा लिहिल्या होत्या.

“पेन का नाही वापरत?” मी उगीच विचारलं.

“पेनानं डाक्टर लिहितेत. त्यायचं ठरलेलं असते. माझं कुठं ठरलं?” मग त्या तारखांवर बोट ठेवून म्हणाली, “दोन्ही बार तुमी पाळीच्या सहाव्या दिवशीच आल्या. काहून?”

काहून म्हणजे काय, वहिनी कॅलेंडर बघूनच दिवस धरायची. हिंगोलीला जाताना औंढ्याला उतरून नागनाथाचं दर्शन घ्यायचं, हे घरात ठरलेलं. मग अडचणीचे दिवस टाळूनच निघणं आलं. शिवाय घरात पूजा, त्या दिवसांत दादा-वहिनींनी मला शिवायचं नाही, आणि सलाईन उतरल्यावर तर कोणीतरी धरून चालवावं लागतं. दोन्ही खेपांना वहिनीनंच धरलं होतं.

सिस्टरनं कानामागची पेन्सिल काढली. “इकडच्या लई बाया असंच करून राहिल्या,” ती म्हणाली. “गडी कवाबी येतात. बायायचं औषध आमी पाळी सरल्यावरच बघून राहिलो, अन् म्हणतो बायायला असं व्हते, तसं व्हते.”

ती तशीच उठून मला घेऊन आत गेली. डॉक्टर भले माणूस, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “प्रयोगात उंदरांच्या मादीला कमी औषध पुरल्याचं दिसलंय, पाळीसारख्या चक्राशीही काही संबंध असेल. पण माणसांचं अजून नक्की कोणालाच सांगता येत नाही.”

“उंदरीचा दिवस बघतेत, अन् आपल्या बायायचा न्हाई?” सिस्टर म्हणाली.

डॉक्टर हसले, पण माझी पुढची वेळ त्यांनी तिलाच ठरवू दिली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “मला बी काई कळंना झालंय. पण न कळताच तुमी स्वतःला काहून नापास करून राहिल्या?” त्या एका वाक्यासाठी मी आणखी एकदा यायला तयार झाले.

तिनं निवडलेला दिवस होता पाळीचा दुसरा. वहिनी दादाकडे बघायला लागली. दादानं पायात चपला घातल्या आणि “एसटी चुकेल,” एवढंच म्हणाला. औंढ्याला आम्ही उतरलो नाही. त्यानं खिडकीतूनच हात जोडले.

सलाईन संपल्यावर मला पाय कुठे टेकवावा ते कळेना. सिस्टर शेजारी रिकामा ट्रे धरून उभी होती. “दादा, धरा तिला. माझे हात गुतलेत,” ती म्हणाली. दादानं एकवार त्या रिकाम्या ट्रेकडे पाहिलं आणि माझा दंड धरला. घरी पोचेपर्यंत सोडला नाही. मला खूप रडू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रोजच्यासारखी अंघोळ केली, रोजच्यासारखी पूजा केली.

त्या वेळचं बरं वाटणं दीड महिना टिकलं. मी आनंदानं सिस्टरला सांगायला गेले, तर तिनं कपाळावर हात मारला. “मीच घोळ केला. दिवस बदलला त हात बदलाय नको व्हता. आता हे औषधाचं, का तारखेचं, का दादाच्या हाताचं?” तिनं तारखेपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. सिद्धेश्वर गावच्या एका बाईलाही तिनं असाच दिवस बदलून दिला होता, तिला काडीचा फरक पडला नाही. तिथेही प्रश्नचिन्हच. मला तेव्हा तिचा थोडा राग आला होता. मला कारण हवं होतं, पक्कं, पेनानं लिहिलेलं. ते तिनं शेवटपर्यंत दिलं नाही. दिली ती फक्त पुढची तारीख, आणि त्या तारखेपर्यंत मी जगत गेले.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर गेली. ज्याच्या त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळणाऱ्या बाईनं स्वतःची छाती दुखते हे कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर मला पुन्हा खाली गेल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून दादा मला घेऊन हिंगोलीला गेला. नवी सिस्टर तरुण होती, कामात चटपटीत. तिनं नाव, वजन, रक्तदाब भराभर लिहिला आणि केसपेपर मिटायला घेतला. मला तारीख सांगायची होती, पण मी केसपेपरच्या कोपऱ्याकडेच बघत राहिले.

शेजारच्या स्टुलावरून दादा बोलला. या खेपेला तो पंख्याकडे बघत नव्हता. “तिचा आज दुसरा दिवस आहे,” तो खणखणीत आवाजात म्हणाला. बाकावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. नव्या सिस्टरनं गोंधळून पेन उचललं.

“पेनानं नको,” दादा म्हणाला. “पेन्सिलीनं लिहा.”