मीठ किती घालायचं?

काल एका विद्यार्थिनीनं प्रयोगशाळेत भिजवलेलं भाताचं बियाणं आणलं. त्या ओलसर, आंबूस वासानं मी मनानं थेट भिसेगावच्या आमच्या ओटीवर जाऊन बसले, कानाला फोन लावून!

तेव्हा माझ्या पीएचडीच्या प्रवेशाची मुलाखत फोनवर चालली होती. मला संगणकावर भाताची जनुकं अभ्यासायची होती. प्रवेश हुकला तर सोमवारपासून रसायनीच्या कारखान्यात नोकरी ठरलेली, आणि तिथं जायचं नाही हे मी पक्कं ठरवलेलं.

"हजारो नोंदींतल्या निकामी नोंदी कशा वेगळ्या काढाल?" प्राध्यापकांनी विचारलं.

समोर अंगणात आई मिठाच्या पाण्यात बियाणं ओतून वर तरंगलेलं पोचट भात उपसत होती. मी तेच ठोकून दिलं!

"छान. पण मीठ किती, हे कसं ठरवणार?"

मी फोनवर हात दाबून ओरडले, "आये, मीठ किती गं?"

"ताजं अंडं सोड त्यात. ते वर आलं का मीठ पुरं झालं. येवढं पण म्हाईत नाय तुला?"

मी ऐटीत सांगितलं, "ज्या नोंदी चांगल्या असल्याची आधीच खात्री आहे, त्या वापरून पातळी ठरवीन, सर. अंडं सोडतात तशी."

"हे कुणी शिकवलं?"

आईचं नाव घ्यायला तेव्हा क्षणभर संकोचले होते. आज तोच किस्सा दर नव्या तुकडीला साभिनय सांगते.

"आईनं. अंगणातच आहे. फोन देऊ?"

"नको, त्या मलाच प्रश्न विचारतील. तुम्ही ऑगस्टमध्ये या."