चित्रातला नारळ

नोकरीतल्या बऱ्याच फायली मी विसरले, पण एका चित्रातला नारळ आजही डोळ्यांसमोर आहे.

मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते. सकाळची हजेरी आटोपली आणि संगमेश्वर तालुक्यातली एक अंगणवाडी सेविका अर्ज घेऊन समोर बसली. तिच्या गावात तीसेक वर्षांपूर्वी देवळाच्या कोठीतल्या पेटीतून देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला होता. शिमग्याला पालखीत लावतात तो. कुलूप फोडलेले नव्हते, किल्लीने उघडलेले होते. किल्ली असायची मानकऱ्याकडे, आणि तो मानकरी म्हणजे हिचे वडील. पुरावा मिळाला नाही, खटला झाला नाही, पण गावाने निकाल दिला. मान वडिलांच्या चुलतभावाकडे गेला.

"शिमग्याला पालखी आमच्या दारावरनं जाते मॅडम, थांबत नाय," ती म्हणाली. "आता रत्नागिरीची एक पोरगी त्या चोरीचं चित्रांचं पुस्तक काढत्ये. त्यात माझा बापूस चोर. बापूस जिता हाय अजून. तेवढं थांबवा."

मी त्या चित्रकार मुलीला बोलावले. जिल्ह्यातल्या जुन्या गुन्ह्यांवर ती चित्रकादंबरी करत होती.

"म्हणजे काय?" मी विचारले.

"मोठ्यांसाठीचं कॉमिक समजा, मॅडम."

"मोठ्यांना वाचायचा कंटाळा आला वाटतं?"

ती हसली आणि कच्ची चित्रे पुढे ठेवली. हात चांगला होता. गावाने सांगितले तसे तिने काढले होते. मानकऱ्याचे तोंड तर असे काढले होते, की पुढचे पान उलटायची गरजच नव्हती.

मी जुना गुन्हा रेकॉर्डमधून काढायला सांगितला. तो 'अ' समरीत गेला होता. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी निष्पन्न नाही. हवालदाराने दोन दिवस धूळ खाऊन फाईल शोधली. घटनास्थळ पंचनाम्यात एक ओळ होती: रिकाम्या पेटीत निळ्या काठाचा पंचा, त्यावर शेंडीचा नारळ व विडा. पेटी पोलिसांनीच परगावच्या दोन पंचांसमक्ष उघडली होती. तेव्हाच्या तपासी अधिकाऱ्यांनी केस डायरीत लिहिले होते, 'सदर बाब गावात उघड केलेली नाही.' पंच आता हयात नव्हते.

मी पुन्हा चित्र पाहिले. उघडी पेटी, आत नारळ आणि विडा.

"हे कोणी सांगितलं?"

"आत्ताच्या मानकऱ्यांनी. मी पेटी रिकामीच काढली होती. ते म्हणाले, 'बाय, आत नारळ-विडा काढ. देवीला गाऱ्हाणं घातल्याबिगर कोण हात लावील?'"

हवालदार म्हणाला, "उचलू का त्याला?" मी नको म्हटले. देवीला सांगितल्याशिवाय कोकणात कोणी काही करत नाही. तो म्हणाला असता, अंदाजाने बोललो, आणि ते खोटे ठरवता आले नसते. न्यायालयाला फेरतपासाचे कळवले, आणि मुलीला तेच चित्र नारळाशिवाय पुन्हा काढायला सांगितले.

चुलतभाऊ ठाण्यात आला तो ताठ मानेने. मानकरी होता, खुर्ची न विचारता ओढून घेतली. मी चहा मागवला, गावच्या आंब्यांची चौकशी केली आणि नवे चित्र पुढे सरकवले.

"पुस्तक छापायला जातंय. एवढं पान बघून घ्या."

त्याने चष्मा लावला. "ह्यातला नारळ कुठं गेला?"

"मीच पुसायला लावला. चोर तो. देवीला विचारून थोडाच नेतोय?"

"असं कसं? विचारलंन् ना!"

"कशावरून? लोक म्हणतील, देवीला भंगारासारखी उचलली. पेटी नुसती उघडी टाकून पळाला."

"उघडी नाय टाकलान्!" त्याचा आवाज चढला. "खांद्यावरला पंचा सोडून आत हांथरलान्. निळ्या काठाचा. त्यावर नारळ ठेवलान्, विडा ठेवलान्. हात जोडून गाऱ्हाणं घातलंन्, मगच उचललंन्!"

पंचा कोणत्याच चित्रात नव्हता. मी पंचनाम्याची ओळ त्याला वाचून दाखवली. त्याच्या खांद्यावर त्या दिवशीही पंचाच होता. तो त्याने काढून मांडीवर घेतला आणि बराच वेळ घड्या घालत बसला.

"मान आमच्या घरात यायला हवा होता," शेवटी तो म्हणाला. भाऊ भातलावणीला गेलेला असताना त्याने खुंटीवरची किल्ली काढून नेली होती, आणि काम झाल्यावर परत अडकवली होती.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. वस्तू मिळाली तर गोष्ट वेगळी. पंचांसमक्ष निवेदन नोंदवून आम्ही त्याच्या मागे गेलो. घरामागच्या परड्यातल्या गडग्यातला, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणातला, एक दगड त्याने स्वतः काढला. आत पत्र्याच्या डब्यात मुखवटा होता. चांदी काळी पडली होती. विकायची त्याची छाती झाली नव्हती.

न्यायालयाच्या आदेशाने मुखवटा शिमग्याआधी गावाच्या ताब्यात दिला. बंदोबस्ताला मी स्वतः गेले. खरे तर एका पोलीस शिपायाने भागले असते. पालखी त्या घरासमोर थांबली, अंगणात आली, नाचली. अंगणवाडी सेविकेने देवीची ओटी भरली. तिचा बाप, म्हातारा मानकरी, नवे धोतर नेसून, दाढी करून ओसरीवर बसला होता. त्याने माझे आभार मानले नाहीत. मला जवळ बोलावले आणि म्हणाला, "त्या चित्रवाल्या पोरीला सांगा, आज ये म्हणावं. आता माझं तोंड नीट काढ."

ती गर्दीतच होती. तिथेच पायरीवर बसून तिने चित्र काढले.

बक्षीस मिळालेले तपास माझ्याही नावावर आहेत, पण अभिमान या तपासाचा जास्त. यानंतर चौकशीत मी एक पद्धत धरली. माणूस आपले पाप लपवताना फार सावध असतो. तिथे त्याच्याशी झटापट करण्यात वेळ जातो. केलेली एखादी चांगली गोष्ट कोणी पुसली, की मात्र त्याला राहवत नाही. मी त्याची तेवढीच गोष्ट पुसत असे आणि गप्प बसत असे.

पुस्तक निघाले. चोरीच्या पानावर आता पंचा आहे. निळ्या काठाचा.